ती १९ घरं कुठे गेली?

पत्र

ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावची. पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं. एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेच्या नैरोबीतल्या कार्यालयात डेटा विश्लेषणाच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी माझी निवड झाली आहे. महिन्याला निर्वाहभत्ता मिळेल, पण विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं. दुसरीकडे हिंजवडीतल्या एका कंपनीची नोकरी हातात आहे. बाबांची पिठाची गिरणी आहे आणि धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग चालू आहे. आई म्हणते, सेवा करायची तर आधी पायावर उभी राहा. बाबा एवढंच विचारतात, "आपल्या भागातलं कुणी असल्या कामाला गेलंय का?"

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. निवडीच्या चाचणीत मला ४१२ घरांच्या सर्वेक्षणाची फाईल दिली होती. त्यातल्या १९ घरांचा जेवणाचा गुण दहाच्याही खाली होता. आलेख वेडावाकडा दिसत होता म्हणून मी ती घरं आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेले आकडे, समजून काढून टाकली आणि सुंदर डॅशबोर्ड केला. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "ती १९ घरं कुठे गेली?" मी खरं सांगितलं, की आलेख नीट दिसावा म्हणून काढली. पुढे मला बोलता येईना. तरी निवड झाली. ही दया तर नाही ना? आणि खरं सांगू, २०१९ च्या पुरानंतर आमच्या गावात पंचनामे झाले तेव्हा आजीचं घर यादीतून राहून गेलं होतं. ती शेजारीच वेगळी राहते, वेगळी रांधते, पण कागदावर आमच्यातच धरली गेली. तेव्हा मी खूप चिडले होते. आणि आता मीच १९ घरं पुसली. या कामाला मी लायक आहे का?

उत्तर

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना आजीच्या घरापाशी थांबले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, फक्त तू ते शेवटी, सहज सांगितल्यासारखं लिहिलं आहेस.

आधी दयेचं बोलू. दयेपोटी कुणी इंटर्न घेत नाही. एका जागेला जगभरातून अर्ज येतात आणि सुंदर डॅशबोर्ड त्यातले बरेच जण करतात. "आलेख नीट दिसावा म्हणून काढली" हे तोंडावर सांगणारे मात्र फार थोडे. बहुतेक जण तिथल्या तिथे एखादी पद्धत पुढे करतात, अमुक चाचणी लावली, तमुक मर्यादा घेतली. तू खरं बोललीस. अशा मुलाखती मीही घेतल्या आहेत आणि अशा उत्तरापुढे मी खूण केलेली आहे. चुकीची पद्धत शिकवून सुधारता येते. झाकाझाक करण्याची सवय लागली की ती काढणं फार अवघड जातं.

पण तू केलंस ते काय होतं, हे नीट समजून घे.

जेवणाचा गुण कसा काढतात हे तू चाचणीपुरतं वाचलं असशील, तरी वाचकांसाठी सांगते. गेल्या सात दिवसांत घरात कोणता पदार्थ किती दिवस खाल्ला ते विचारतात आणि दिवसांना वजनं लावतात. धान्याला २, डाळींना ३, भाजीला १, फळाला १, मांस-मासे-अंड्यांना ४, दुधाला ४, साखर आणि तेलाला प्रत्येकी अर्धा. सगळ्याची बेरीज म्हणजे त्या घराचा गुण. २१ पर्यंत वाईट, ३५ पर्यंत काठावरचं, त्याच्या वर बरं. जिथे गरिबाच्या घरीही तेल-साखर रोजच असते, तिथे याच रेघा २८ आणि ४२ वर नेतात.

आता दहाच्या खालचा गुण म्हणजे काय ते बघ. नुसतं उगाली, म्हणजे तिकडचं मक्याच्या पिठाचं रोजचं जेवण, पाच दिवस खाल्लं तरी दहा गुण होतात. म्हणजे त्या १९ घरांत आठवड्यातले पाच दिवससुद्धा उगाली शिजलेलं नाही. हे खरं असेल, तर सगळं सर्वेक्षण ज्यांना शोधायला निघालं होतं तीच ही घरं. आणि खरं नसेल, तर कुणीतरी फॉर्म घाईघाईने भरला आहे, आणि त्याचा हात बाकीच्या घरांनाही लागला असणार. दोन्हीपैकी काहीही असो, तिथे थांबायला हवं होतं. तू तिथूनच पुढे निघून गेलीस.

आणि याचा परिणाम आलेखापुरता राहत नाही. उपासमारीची तीव्रता ठरवायला जगभर पाच टप्पे वापरतात. ही पद्धत २००४ च्या सुमारास सोमालियासाठी तयार झाली. तिच्यातला एक नियम असा, की एखाद्या भागातले निदान २० टक्के लोक ज्या टप्प्यात किंवा त्याहून वाईट अवस्थेत असतील, तो टप्पा त्या भागाला लावायचा. समज, तुझ्या ४१२ घरांपैकी ८५ घरं वाईट गटात आहेत. म्हणजे २०.६ टक्के. आता त्यातली तुझी १९ काढ. उरली ३९३ पैकी ६६, म्हणजे १६.८ टक्के. झालं, भाग रेघेच्या अलीकडे आला. टप्पा एकट्या या आकड्यावर ठरत नाही, मुलांचं कुपोषण, मृत्यू, बाजारभाव सगळं समोर ठेवून लोक दिवसचे दिवस वाद घालतात. पण त्या टेबलावर तुझा आकडा १६.८ म्हणून जातो आणि त्याच्या मागे १९ घरं होती हे कुणाला दिसत नाही.

आकडा उशिरा पोचला तर काय होतं, तेही तू जाणार आहेस त्याच भागात घडून गेलं आहे. २० जुलै २०११ ला दक्षिण सोमालियाच्या दोन भागांत भीषण दुष्काळाची अधिकृत घोषणा झाली. पुढे अभ्यास झाला तेव्हा त्या आपत्तीत सुमारे २ लाख ५८ हजार माणसं गेल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त पाच वर्षांखालची मुलं होती. इशारे आधीपासून येत होते. मदत मोठ्या प्रमाणावर हलली ती घोषणेनंतर.

आता माझी एक गोष्ट सांगते, म्हणजे तुला वाटणार नाही की मी वरून बोलते आहे. माझ्या कामाचं पहिलंच वर्ष होतं. पूर्व आफ्रिकेतल्या एका कोरड्या जिल्ह्याचं सर्वेक्षण माझ्याकडे आलं. मी आकडे मांडले आणि एक वस्ती चांगलीच बरी निघाली. मला आनंद झाला, खरंच झाला. आमच्या प्रगणकांमध्ये त्याच भागातली एक बाई होती. तिने माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "या घरांत दूध कुठून आलं? त्यांची जनावरं तर गेल्या हंगामातच मेली."

दूध चहातून आलं होतं. तिकडचा चहा आपल्यासारखाच, दूध-साखर घालून उकळलेला. त्याला 'चाय'च म्हणतात. घरातल्या बाईला विचारलं, दूध किती दिवस घेतलं? ती म्हणाली, सात. खोटं काहीच नव्हतं. दुकानातून आणलेल्या पिशवीतलं चमचाभर दूध रोज चहात पडत होतं. नियम असा आहे की चहातलं दूध दुधात धरायचं नाही, ते मसाल्यासारखं चवीपुरतं धरायचं आणि त्याचं वजन शून्य. आमच्या फॉर्ममध्ये ती सूचना प्रगणकापर्यंत नीट पोचलीच नव्हती.

त्यातलं एक घर मला अजून आठवतं. उगाली सात दिवस, १४. डाळ एक दिवस, ३. भाजी दोन दिवस, २. तेल आणि साखर रोज, साडेतीन-साडेतीन. एकूण २६. तेल-साखरेच्या भागातल्या रेघेप्रमाणे हे घर वाईट गटात. त्यात चहाच्या दुधाचे सात चोक अठ्ठावीस मिळवले की ५४. खातंपितं घर! आणि दूध बाजूला ठेवलं पण रेघ २१ ची घेतली, तर तेच २६ गुणांचं घर काठावरचं. एकच चूल, तीन निकाल. ताटात मात्र काहीही बदललेलं नाही. अहवाल जायच्या आधी त्या प्रगणक बाईमुळे ते लक्षात आलं. तिने मागे उभं राहून पाहिलं नसतं तर त्या वस्तीचं धान्य दुसरीकडे गेलं असतं, आणि ते माझ्या सहीने.

तेव्हापासून मी नव्या मुलांना एकच सांगत आले आहे, आणि तुलाही तेच. पहिले काही दिवस आकड्यांना हात लावू नकोस. आधी प्रश्नावली वाच. ती कोणत्या भाषेत विचारली गेली ते बघ. प्रगणकांना प्रशिक्षणात काय सांगितलं त्याचा कागद माग. जमलं तर एक दिवस त्यांच्याबरोबर फिरून ये, आणि ते जमलं नाही तर निदान फोनवर बोल. त्यांना कमी लेखू नकोस. कार्यालयातल्या कुणाहीपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं आणि त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

तुझ्या आजीचंच घे ना. सर्वेक्षणात 'कुटुंब' म्हणजे काय, यावर जगभर डोकेफोड होते. साधारण व्याख्या अशी असते की एकाच भांड्यातून जेवणारे ते एक कुटुंब. आपल्याकडे याला फार जुना आणि नेमका शब्द आहे, चूल. 'त्यांची चूल वेगळी झाली' म्हटलं की सगळं कळतं. एक अंगण, एक आडनाव, कदाचित एकच वीजमीटर, पण चुली दोन. तुमच्या गावात आलेल्या माणसाने घरं मोजली आणि चुली मोजल्या नाहीत. त्याच्या मनात खोट होती असं मी म्हणणार नाही. पूर ओसरल्यावर दिवसाला किती घरं उरकावी लागतात ते तू पाहिलं आहेस. पण आजी ओळीतून गेली, आणि ती गेली की तिच्यासाठी भांडायला कागदावर काही उरलंच नाही. निर्वासितांच्या छावणीत हेच रोज घडतं. एका तंबूत तीन चुली असतात, किंवा एका चुलीवर पळून आलेले पाहुणे धरून सोळा माणसं. सोळाचा आकडा बघून पुण्यातल्या किंवा जिनिव्हातल्या खुर्चीवर बसलेल्याला वाटतं, टायपिंगची चूक. तुला तसं वाटणार नाही. तुझ्या एम.एस्सी.च्या पदवीइतकीच ही तुझी पात्रता आहे, आणि ती कुठल्या अभ्यासक्रमात मिळत नाही.

बाबांना सांग, आपल्या भागातलं माणूस गेलेलं आहे आणि फार मोठं काम करून आलेलं आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९५१ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि पुढे जवळपास वीस वर्षं रोमला तिच्या सांख्यिकीचं काम त्यांनी सांभाळलं. जगात उपाशी किती, हे मोजायचं कसं, याचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. परत येऊन ते पुण्यात राहिले. किती कॅलरी कमी पडल्या म्हणजे माणूस उपाशी म्हणायचा, यावरून त्यांचा आणि अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांचा वाद झाला. दोघंही थोर, दोघंही आपलेच, आणि वाद रेघ कुठे ओढायची याचाच. तू २१ आणि २८ मध्ये अडकशील तेव्हा हे आठवेल.

आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पैशाचं उघड बोलू. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या काही संस्था निर्वाहभत्ता देतात. २०१५ मध्ये जिनिव्हात एक बावीस वर्षांचा इंटर्न राहायला परवडत नाही असं सांगत सरोवराकाठी तंबूत राहिला होता, ती बातमी जगभर गेली. तुझा भत्ता खोलीभाडं, जेवण आणि येण्याजाण्याला पुरतो का, हे नैरोबीत आत्ता काम करणाऱ्या एखाद्या इंटर्नला विचार. संस्थेला सांगितलंस तर ती कुणाचा तरी ईमेल देईल. तिकिटापुरते पैसे घरातून निघत असतील तर जा. गिरणीवर किंवा भावाच्या फीवर कर्ज काढावं लागत असेल तर जाऊ नकोस. हे मी जड मनाने लिहिते, कारण त्यामुळेच या क्षेत्रात सांगलीच्या मुली कमी दिसतात. पण सहा महिन्यांसाठी घर कर्जात घालणं योग्य नाही.

हिंजवडीच्या कंपनीला सरळ पत्र लिहून रुजू व्हायची तारीख पुढे मागून बघ. पुष्कळदा देतात. नाही दिली तरी घाबरू नकोस. जी मुलगी चार देशांतल्या गावांच्या नावांची स्पेलिंगं जुळवून आली आहे, तिला बँकेचा डेटा अवघड जात नाही. आणि ही जुळवाजुळव तुला खूप करावी लागेल हो. आपल्याकडे जशी वडगावं ढीगभर, त्यात बुद्रुक-खुर्द, तसंच तिकडे. म्हणून प्रत्येक जागेला एक ठरलेला संकेतांक असतो, नावावर कधीच विसंबायचं नाही. निम्मे दिवस यातच जातात. कुणी तुला 'प्रभावी विश्लेषण' वगैरे स्वप्नं दाखवली असतील तर आधीच सांगते, पायथॉन ही संगणकाची भाषा तुला येते तेवढी पुरे आहे, चिकाटी त्याच्या दुप्पट लागेल.

पुढे तिथेच नोकरी लागेल, या आशेवर मात्र जाऊ नकोस. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदतीची मुख्य यंत्रणाच बंद केली आणि बड्या मदत संस्थांनी हजारो जागा कमी केल्या. १९८५ पासून दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी अमेरिकेची यंत्रणाही त्या जानेवारीत कित्येक महिन्यांसाठी बंद पडली. अनुभवी माणसं आज घरी बसली आहेत. त्याचा दुसरा अर्थ असा, की कार्यालयांत हात कमी आहेत आणि इंटर्नकडेही खरं काम येतं, कधी कधी त्याच्या वयाला न झेपणारं. तुला एकटीला सोडत नाहीत ना, तुझं काम तपासणारं नावानिशी कोण आहे, हे होकार देण्याआधी लेखी विचार.

आणखी एक गोष्ट, ही अगदी कडक शब्दांत. तुझ्या हातात लोकांची नावं, फोन नंबर, छावणीतली जागा येईल. जानेवारी २०२२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्व्हरवर हल्ला झाल्याचं उघड झालं. ५ लाख १५ हजारांहून जास्त लोकांची माहिती त्यात होती. युद्धात ताटातूट झालेल्या, हरवलेल्या, कैदेतल्या माणसांची. अशा माहितीवर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. कच्ची फाईल स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊ नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, सूत्र अडलं म्हणून कुठल्या एआयच्या खिडकीत चिकटवू नकोस. वरिष्ठाने घाईत पाठवायला सांगितली तरी नाही म्हण, किंवा कशी पाठवायची ते विचार.

ऑफर खरी आहे याची खात्री संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून आलेल्या ईमेलने कर. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भरतीत कुठल्याही टप्प्यावर एक रुपयाही घेत नाहीत, कुणी 'प्रक्रिया शुल्क' मागितलं तर ती फसवणूक. तिथे राहण्याचा आणि कामाचा परवाना कोण काढणार तेही विचार, पर्यटक म्हणून जाऊन काम करायचं नसतं. आणि यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घे. केनियातून परत येताना ते प्रमाणपत्र नसेल तर आपल्या विमानतळावर तुला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ते पिवळं पुस्तक पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेव.

माझं मत विचारशील तर, तिकिटाचं जमत असेल तर जा.

आणि होकार कळवण्याआधी एक संध्याकाळ काढ. चाचणीची ती फाईल तुझ्याकडे अजून असेल. ती १९ घरं परत आत घे. ती कोणत्या प्रगणकाकडून आली आहेत ते बघ, एकाच्याच नावावर आहेत की विखुरलेली आहेत. प्रत्येक मुलाखत किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता संपली ते बघ. पाऊण तासाचं बोलणं सहा मिनिटांत उरकलं असेल तर एक उत्तर, पाऊण तासच चाललं असेल तर दुसरं. घरात माणसं किती, गेल्या महिन्यात पाहुणे आले होते का, हा प्रश्न फॉर्ममध्ये असला तर तोही. मग जे दिसेल ते दहा ओळींत लिही आणि त्या मुलाखतीतल्या बाईंना पाठव, उशिरा सापडलेलं उत्तर म्हणून. एक प्रत मलाही पाठव. ती घरं खरंच तशी होती का, हे मलाही जाणून घ्यायचं आहे.